आचार्य मेले का?

"आचार्य मेले का?"

मोहोळकर साहेबांनी दारातूनच विचारलं. हातात चहाचा कप, चष्मा कपाळावर.

"नाही साहेब. अजून आजारीच आहेत."

"पाच आठवडे आजारी? माणूस आहे की सरकारी योजना?" ते माझ्या टेबलाशी आले. "पराडकर, एक एप्रिलपासून पुरवणीची आठाची चार पानं होणार. कादंबरीला जागा नाही. दोन रविवार उरलेत. या रविवारी आचार्य गेले पाहिजेत, पुढच्या रविवारी समाप्त. बाईंना सांगा. नाहीतर मी मारतो."

साहेबांनी मारलेलं पात्र कसं मरतं ते मला ठाऊक होतं. आधीच्या कादंबरीचा लेखक परगावी निघून गेला, तेव्हा साहेबांनी नायकाला एका वाक्यात विजेचा धक्का दिला होता. मी सायकलची किल्ली उचलली.

ही १९९३ च्या मार्चमधली गोष्ट. मी सव्वीस वर्षांचा होतो, मूळचा चिपळूणचा, सोलापुरात येऊन सात महिने झालेला. 'दैनिक सीनातीर'ची रविवार पुरवणी मी एकटा काढत असे. रुजू झालो त्या दिवशी मोहोळकर साहेबांनी एकच नियम सांगितला होता: "शंका आली की फोन. फोन लागला नाही की पाय." मी तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला. सात महिन्यांत माझ्या पानावर एकही दुरुस्ती छापावी लागली नव्हती. हे मी कुणाला सांगत नसे, पण रोज मोजत असे.

कादंबरीचं नाव होतं 'नीरव ग्रहाची शाळा'. अर्धं विज्ञान, अर्धी जादू. दोन सूर्यांचा ग्रह, तिथे हवेत तरंगणारी यानं, तळहातातून उजेड काढणारे म्हातारे आचार्य आणि त्यांची शिष्या तारिणी. अडतीस भाग झाले होते. लेखिका शिवलीला बिराजदार मुलींच्या शाळेत प्रयोगशाळा सहायक होत्या. वय पन्नास, लग्न केलेलं नाही, बोलणं तोडून टाकल्यासारखं.

मी गेलो तेव्हा बोर्डाच्या प्रात्यक्षिक परीक्षा चालू होत्या. बाई परीक्षानळ्या धूत होत्या.

"मोहोळकरांनी पाठवलं ना?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"हो. या रविवारी आचार्य..."

"पराडकर, चार वेळा मारलं मी त्यांना." त्यांनी हात पदराला पुसले, खण उघडून कागदांचा गठ्ठा काढला आणि टेबलावर आपटला. "चारी वेळा सरांनी नापास केलं."

"कुठले सर?"

"ज्यांच्यावरून आचार्य काढलेत ते. मला पाचवी ते अकरावी विज्ञान त्यांनीच शिकवलं. दर रविवारी पुरवणी घेऊन जाते आणि वाचून दाखवते. पुढचा भाग मात्र छापायच्या आधी ऐकतात. आचार्यांच्या मरणाचा तर खास." त्यांनी गठ्ठा पिशवीत घातला. "तुम्हीच चला. माझं ऐकत नाहीत. तुम्ही सांगा, मोहोळकर थांबणार नाहीत म्हणून."

गुरुसिद्धप्पा कलशेट्टी सर बाळीवेशीत मुलाकडे राहत होते. दोन खोल्या, पुढच्या खोलीत खिडकीशी खाट. खाटेवर एक लांब, वाळलेला माणूस उशांना टेकून बसला होता. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, डोळ्यांत मोतीबिंदूचं दूध.

"कोण आलंय? पावलं नवीन आहेत," ते म्हणाले.

"पेपरवाले आहेत सर. पराडकर. आपली पुरवणी काढतात ते."

"हां हां. पत्रकार. बसा की. महादेवी, ताक आण गं."

त्यांची सून महादेवीवहिनी ताक घेऊन आली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. करमणूक सुरू होणार हे तिला माहीत असावं.

मी चार पानांचं, दोन रविवारांचं सगळं सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं.

"शिवे, पहिलं वाच."

"सर, परत कशाला?"

"पत्रकाराला कळू दे मी का नापास केलं ते. वाच."

बाईंनी वाचलं. पहिल्या मसुद्यात धूमकेतू शाळेवर आदळणार असतो आणि आचार्य स्वतःचं यान त्याच्या वाटेत आडवं घालतात.

"तब्येत किती ठणठणीत!" सर म्हणाले. "पाच आठवडे खाटेवर पडलेला म्हातारा उठून यान चालवतो. मला परवा बेडपॅनपर्यंत सरकायला दोघं लागले. पुढचं."

दुसऱ्यात शत्रूचं विष. मरताना आचार्य तारिणीला विश्वाचं रहस्य सांगतात. ते सांगणं दीड पान होतं.

"विष पोटात आणि दीड पान भाषण! एवढा दम असता तर जगलो असतो की. माझा बाप शेवटी पाणी मागून गेला. आई 'दार लाव' म्हणून गेली. विश्वाचं रहस्य कुणी सांगितलं नाही."

तिसऱ्यात तारिणीचं शिक्षण पूर्ण होतं, आचार्य डोळे मिटतात, त्यांचं शरीर प्रकाश होऊन विरून जातं आणि मागे फक्त वस्त्र उरतं. चौथ्यात तसंच, वर आचार्य परत येऊन तारिणीला सल्ला देतात.

"हे बघा पत्रकार," सर माझ्या दिशेला वळले. "मी हिने आणून दिलेली असली पुस्तकं पुष्कळ ऐकलीत. सगळीकडचे गुरू वेळेवर मरतात. शिष्याचा अभ्यासक्रम संपला की लगेच. एक दिवस इकडे नाही, तिकडे नाही. आणि मरून कुठे जातात? प्रकाशात. का माहीत आहे?"

"का?"

"उचलायला नको! शिष्याला पुढे लढाई असते, राज्य असतं. प्रेत कोण सांभाळणार? म्हणून प्रकाश." ते हसले आणि हसता हसता खोकले. वहिनीने पाठ चोळली. ते पुन्हा बोलू लागले. "बत्तीस वर्षं शिकवलं मी. वस्तुमान नाहीसं होत नाही. मुलाने परवा दुकानातल्या काट्यावर बसवलं मला. बेचाळीस किलो. त्या बेचाळीस किलोचं काय झालं ते लिही म्हणतो हिला. तेवढंच तर म्हणतो."

"मेल्यावर परत यायचं नाही, हेही म्हणता," वहिनी म्हणाली.

"नाहीच येणार. मेल्यावरही शिकवणी? तीही फुकट?"

बाई हसल्या नाहीत. त्या गठ्ठ्याची कड बोटाने सारखी करत होत्या. परत परत तीच कड.

"लिहवत नाही मला, सर," त्या म्हणाल्या.

सर बोलले तेव्हा आवाजात थट्टा नव्हती. "शिवे, डॉक्टर महिना म्हणालाय. फार तर. माणसाला आपल्या मरणाचं वर्णन ऐकायला मिळत नाही. मला तेवढी सोय झालीय, तीही पुरवणीत. एकदा नीट मेलेलं ऐकू दे. नंतर कान असतील, नसतील."

मग माझ्याकडे: "आणि तुम्ही, पत्रकार. ती जे लिहील ते जसंच्या तसं छापणार? संपादक लोक हात चालवतात असं ऐकतो."

"एक अक्षर हलणार नाही," मी म्हणालो. "शब्द देतो."

"मग रविवारी या. मी मरताना पेपरवाला हजर पाहिजे."

बुधवार गेला. गुरुवारी मी शाळेत दोनदा फोन केला. शिपाई म्हणाला, बाई वर्गात आहेत. दुसऱ्यांदाही तेच म्हणाला. मोहोळकर साहेब दर तासाला दारात डोकावत आणि नुसत्या भुवया उंचावत. मी पानाची आखणी तीन वेळा केली, आचार्य मेल्याची, न मेल्याची, आणि कादंबरीच नसल्याची. शुक्रवारी सहाला पान सुटत असे. पाच वाजले, सव्वापाच झाले.

पाच वाजून वीस मिनिटांनी बाई आल्या. डोळे सुजलेले. तीन कागद टेबलावर ठेवले.

"सरांना ऐकवलं?" मी विचारलं.

"नाही. हे छापलेलंच ऐकवणार. परत नापास ऐकायची ताकद नाही." त्या जिन्याकडे वळल्या आणि थांबल्या. "एक अक्षर नाही ना?"

"एक अक्षर नाही."

त्या गेल्या. मी उभ्यानेच वाचलं. बाईंचं इतकं साधं लिखाण मी पाहिलं नव्हतं. तळहातातला उजेड नाही, धूमकेतू नाही. शेवट असा होता:

'आचार्यांनी पाणी मागितलं. तारिणी उठली. पेला भरायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला. ती परत आली तेव्हा त्यांना पाणी नको होतं. तिने पेला तिथेच ठेवला.

सकाळी सहा जण आले. त्यांनी आचार्यांना अंघोळ घातली, कपाळाला भस्म लावलं, नवं वस्त्र नेसवलं आणि विमानात बसवलं. विमान उचललं. तारिणी पुढे चालू लागली. वाट लांब होती, आणि कुणीही घाई केली नाही.'

मी दुसऱ्यांदा वाचलं आणि निराश झालो. बाईंना पाचव्यांदाही जमलं नव्हतं. आजारी म्हाताऱ्याला पाणी नको झालं, सकाळी अंघोळ घालून, कपडे घालून, वाहनात बसवून कुठेतरी घेऊन गेले. मरण कुठेच नव्हतं. पण मी शब्द दिला होता. लेखिकेला मारायचं नसेल तर नसेल.

एकच गोष्ट खटकली. विमान. अडतीस भागांत नीरव ग्रहावर एकही विमान उडालं नव्हतं. तिथे यानं होती. पहिल्या भागात बाईंनीच लिहिलं होतं की या ग्रहाला पंखांची गरज नाही. डोळे सुजवून, घाईत लिहिलेलं, हात घसरला असणार. मी लाल पेनाने 'विमानात'चं 'यानात' केलं. पुढचं 'यान उचललं' कानाला बरं वाटेना. यान काही गाठोडं नव्हे. मी केलं, 'यानाने उड्डाण केलं.'

कंपोझ करणारी रेहाना कागद बघून म्हणाली, "सर, बाईंचं अक्षर तर मोत्यासारखं आहे. दोन्ही वेळा विमानच लिहिलंय. विचारायचं नाही?"

"त्यात विचारायचं काय? हस्तदोष आहे."

पाच पस्तीस झाले होते. बाईंचं घरही बाळीवेशीतच, सायकलने दहा मिनिटांवर. नियम पाठ होता, शंका आली की फोन, फोन नाही लागला की पाय. पण मला शंका आलीच नव्हती. नियमात त्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

साहेबांनी पान बघून सही केली. "मेले का?"

"नाही साहेब. यानात बसून गेले."

"कुठे?"

"ते लिहिलेलं नाही."

"गेले ना? मग झालं."

रविवारी सकाळी नऊला मी सरांकडे पोचलो. ते उशांना टेकून तयार बसले होते. धुतलेला सदरा, ताजं भस्म. पुरवणी उशाशी होती, उलट घडी घातलेली. माझ्या पाठोपाठ बाई आल्या. त्यांनी पेपर अजून बघितला नव्हता. तशी त्यांची सवयच होती, सरांसमोर पहिल्यांदा उघडायचा.

"पत्रकार आले. आता मरायला हरकत नाही," सर म्हणाले. "वाच."

बाईंनी पुरवणी उचलली, घडी सरळ केली आणि वाचायला सुरुवात केली. आवाज सपाट होता, वर्गात उपकरणांची यादी वाचावी तसा. आचार्यांची खाट. खिडकी. पायांची आग. मधेच सर "हं" म्हणत. पाण्याच्या पेल्यापाशी वहिनीने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, बाई फार छान वाचतात.

"'त्यांनी आचार्यांना अंघोळ घातली, कपाळाला भस्म लावलं, नवं वस्त्र नेसवलं आणि...'"

बाई थांबल्या.

त्यांनी पानाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. तशी नजर मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही क्वचितच पाहिली आहे.

"आणि?" सरांनी विचारलं.

बाईंनी पुरवणी मांडीवर ठेवली. नजर माझ्यावरून न काढता त्या म्हणाल्या, "'आणि विमानात बसवलं. विमान उचललं. तारिणी पुढे चालू लागली. वाट लांब होती, आणि कुणीही घाई केली नाही.'"

त्या वाचत नव्हत्या. मला वाटलं, चुकून जुनाच शब्द तोंडात आला. पण पुढचं वाक्यही त्यांनी जुनंच म्हटलं होतं.

सरांचे खांदे हलू लागले. ते हसत होते की रडत होते ते मला कळेना. बहुतेक दोन्ही.

"विमान," ते म्हणाले. "शिवे, तुझी आजी कधी गेली?"

"पाचवीत होते मी, सर."

"आणि दुसऱ्या दिवशी वर्गात हात वर केलास. पत्रकार, हिने काय विचारलं माहीत आहे? 'सर, आजीला विमानात बसवून नेलं. ते किती उंच उडालं?'"

वहिनी हसली. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्याही हसल्या.

"तुम्ही काय सांगितलंत सर?" वहिनीने विचारलं. तिला हे पाठ असणार, पण तिने विचारलं.

"सांगितलं, पाच फूट. उचलणाऱ्यांच्या खांद्याइतकं. मग ही विचारते, इंधन काय? म्हटलं, सहा माणसं. थकली की बदली."

मी वहिनीकडे बघितलं. माझा चेहरा तिला दिसला असावा.

"आमच्यात, लिंगायतांत, निजवून नेत नाहीत, भाऊ," ती हळूच म्हणाली. "बसवून नेतात. बांबूंची बैठक बांधायची, मखरासारखी. फुलांनी मढवायची. त्यात बसवून, खांद्यावरनं. तिला विमान म्हणतात."

चिपळूणला आम्ही माणसाला निजवून नेतो. बसवलं म्हणजे माझ्या लेखी तो जिवंत होता.

पान मला समोर न घेताही दिसत होतं. 'यानाने उड्डाण केलं.' बेचाळीस किलो मी आकाशात पाठवले होते, तेही त्या माणसाचे, ज्याची फक्त तेवढीच एक मागणी होती. आणि हे सोलापुरात घरोघर गेलं होतं.

"पत्रकार," सर म्हणाले, "शेवटचं जरा तुम्ही वाचा. हिच्या आवाजात पाणी आहे, शब्द बुडतात. मला छापलेलं स्वच्छ ऐकायचंय."

बाईंनी पुरवणी माझ्यापुढे धरली. त्यांनी मला मदत केली नाही. वाटेतही आल्या नाहीत.

मी पान डोळ्यांसमोर धरलं. सांगून टाकावं, हा विचार आला. सर, चूक झाली, छापलंय वेगळं. हाच प्रामाणिकपणा होता, आणि त्यातून त्यांच्या हाती काय उरलं असतं? एक दुरुस्ती. छापलेलं ते वाचायचं, हा माझा धंदा. मी वाचू लागलो. "'सकाळी सहा जण आले.'" अंघोळ आली, भस्म आलं, वस्त्र आलं. कागदावर 'यानात' होतं. मी म्हटलं, "'विमानात बसवलं.'" कागदावर 'उड्डाण' होतं. मी म्हटलं, "'विमान उचललं.'" बाकीचं मी कागदावर न बघताच म्हटलं.

सरांनी डोळे मिटले होते. चादरीवर त्यांचं बोट हळूहळू आपटत होतं, शब्द मोजल्यासारखं.

"बरं," ते म्हणाले. "एक अक्षर हललं नाही ना?"

माझं तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, "नाही सर."

"मग पास. शिवे, पास. खूप वर्षं लावलीस."

बाहेर बोळात आल्यावर बाईंनी माझ्याकडे पाठ करून चपला घातल्या.

"चार वेळा मारताना रडले नाही," त्या म्हणाल्या. "या वेळी दोन रात्री रडले. आणि तुम्ही त्यांना उडवलंत."

"मला वाटलं हस्तदोष..."

"विचारायचं. दहा मिनिटांवर राहते मी."

"उद्या दुरुस्ती छापतो."

"पहिल्या पानावर. आणि वहिनींनी ती सरांना वाचून दाखवू नये, ते मी बघते."

मोहोळकर साहेबांनी दुरुस्तीचा मजकूर तीनदा वाचला. 'रविवारच्या पुरवणीत "यानात बसवलं, यानाने उड्डाण केलं" याऐवजी "विमानात बसवलं, विमान उचललं" असे वाचावे. चूक उपसंपादकाची आहे, लेखिकेची नाही.'

"म्हणजे?" त्यांनी विचारलं. ते पंढरपूरकडचे ब्राह्मण. त्यांनाही ठाऊक नव्हतं. मी सांगितलं. चष्मा कपाळावरून खाली आला.

"म्हणजे आचार्य मेले?"

"मेले साहेब."

"मग सरळ 'आचार्य मेले' असं छापा ना!"

"मूळ मजकुरात तसं नाही."

मग त्यांनी सही केली आणि म्हणाले, "उपसंपादकाची वगैरे काढा. चूक पेपरची असते." मी काढलं नाही. त्यांनीही पुन्हा पाहिलं नाही.

पुढच्या रविवारी कादंबरी संपली. एप्रिलपासून पुरवणी चार पानांची झाली. नऊ एप्रिलला, शुक्रवारी, सकाळी साडेनऊला शाळेच्या शिपायाचा फोन आला. निधनवार्ता मीच लिहिली. आठ ओळी. नाव, वय, बत्तीस वर्षं सेवा, पश्चात मुलगा, सून, दोन नाती. नावातलं 'द्ध' आणि वय पुन्हा विचारून घेण्यासाठी मी फोन केला नाही. पायी गेलो.

अंगणात बांबू बांधून झाले होते. झेंडूच्या माळा चढवणं चालू होतं. सर आत भिंतीला टेकून बसले होते, नवं धोतर, कपाळभर भस्म, मांडीवर हात. वर्गात पोरांचा गोंधळ थांबायची वाट बघत बसलेला मास्तर दिसावा तसे. शिवलीलाबाई त्यांच्या शेजारी जमिनीवर होत्या.

महादेवीवहिनी मला बघून दारापाशी आली. रडून तिचा आवाज बसला होता.

"भाऊ, एक सांगायचं होतं. त्या रविवारी तुम्ही यायच्या आधीच मी मामंजींना वाचून दाखवलं होतं. सकाळी सहालाच. त्यांना दम निघत नव्हता."

मला उशाशी ठेवलेली पुरवणी आठवली. उलट घडी घातलेली.

"छापलेलं वाचलंत?"

"मग काय वाचणार? 'यानाने उड्डाण केलं' ऐकलं आणि असे खवळले, ताकाचा पेला कलंडला. म्हणाले, बेचाळीस किलो उडवलं गाढवानं." तिच्या तोंडावर हसू आलं आणि गेलं. "मग म्हणाले, शिवलीलेने असं लिहिलेलंच नाही, हे पेपरवाल्याचं काम. येऊ दे त्याला. मी त्यालाच वाचायला लावतो. बघू, छापलेलं वाचतो की बरोबर वाचतो."

मी आत, शिवलीलाबाईंकडे बघितलं.

"बाईंना अजून सांगितलेलं नाही. तुम्ही गेल्यावर मी विचारलं, काय मामंजी, निकाल? म्हणाले, लेखी नापास, तोंडी पास."

आतून कुणीतरी हाक मारली. माणसं सरांना उचलायला उठली होती. वहिनी वळली आणि परत थांबली.

"आणि म्हणाले, प्रात्यक्षिक बाकी आहे. त्या दिवशी त्याला बोलव."

त्यांना आणून बैठकीत बसवलं, पाठ बांबूला बांधली, गळ्यात हार घातले. भजनवाल्यांनी टाळ धरले. मुलगा पुढच्या दांड्याशी गेला. त्याने मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि उजवीकडच्या मोकळ्या जागेकडे मान केली. मी पिशवी रेहानाच्या हातात दिली. ती कधी आली होती कुणास ठाऊक.

उचलल्यावर पहिल्यांदा जाणवला तो बांबू, गळपट्टीच्या हाडावर. मग बाकीचं हळूहळू आलं. बांबू, फुलं, आणि बेचाळीस किलो, कदाचित आता कमी. टाळ वाजू लागले. आम्ही बोळातून निघालो. शिवलीलाबाई पुढे चालत होत्या, एकट्या, घाई न करता.

पाचही जण माझ्यापेक्षा उंच होते. वळणावर दांडा माझ्या बाजूला खाली आला, एक झेंडूची माळ सरकून माझ्या कानावर पडली. बाईंनी मागे वळून बघितलं.

"पराडकर," त्या म्हणाल्या, "टाचा उचला. सर कलताहेत."

मी टाचा उचलल्या.